परत बघा

काचेची नळी दोन बोटांत धरून ते खिडकीपाशी जायचे, डावा डोळा मिटायचे, नळी उजेडात तिरकी करायचे आणि ती माझ्या हातात परत द्यायचे. मग दाराकडे चालू लागायचे आणि पाठमोरेच म्हणायचे, "परत बघा, बाई."

पहिल्या आठवड्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की रडू यायचं बाकी होतं. मी नाशिकहून तंत्रज्ञाची परीक्षा पहिल्या वर्गात पास होऊन आले होते. नवऱ्याची बँकेतली बदली सुरतेला झाली म्हणून उधन्याच्या बाजूला एका ट्रस्टच्या दवाखान्यात, तळमजल्यावरच्या छोट्या रक्तपेढीत नोकरी धरली होती. माझ्या कामात कुणी खोट काढावी याची मला सवय नव्हती. बरं, हे गृहस्थ खोट काढत नव्हतेच. चूक सापडली असती तर चूक म्हणाले असते. ते नुसतं परत बघायला सांगायचे, आणि दहातल्या नऊ वेळा माझं आधीचंच उत्तर बरोबर निघायचं. ते सांगायला मी वर गेले की म्हणायचे, "छान. आता झोप येईल." या माणसाला झोप कधी येत असेल यावर माझा विश्वास नव्हता.

ते दवाखान्याचे फिजिशियन. रक्तपेढीचीही जबाबदारी त्यांच्याकडे होती. नाव सांगत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि तसंही तिथं त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे साहेब म्हणायचे. अंमळनेरकडचे, पन्नाशीचे, काटकुळे. माझ्याशी शुद्ध मराठी, नर्सबेनांशी गुजराती आणि डिंडोलीच्या वस्तीतून येणाऱ्या, लूमवर कापड विणणाऱ्या खानदेशी कामगारांशी थेट अहिराणी बोलायचे. असा एखादा अस्वस्थ माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पंगतीत सगळे जेवत असतात आणि हा वाढपी नसूनही उभा असतो. साहेब तसे होते. त्यांच्या खोलीत एक चांगली वेताची खुर्ची होती. तिच्यावर जुन्या केसपेपरांचा गठ्ठा बसलेला असायचा आणि साहेब उभे. पेशंट तपासताना उभे, चहा पिताना उभे, फोनवर बोलताना तर तार पुरेल तितकं चालत. त्यांच्या उजव्या चपलेचा पट्टा सैल होता. तो फटफट वाजायचा, आणि त्या आवाजावरून साहेब कोणत्या मजल्यावर आहेत ते आम्हाला कळायचं. आवाज थांबला की आम्हीच कावरेबावरे व्हायचो.

सुमन पहिल्यांदा आली ती माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आगेमागे. डिंडोलीत राहणारी, विशी-बाविशीची, दुसऱ्यांदा दिवस गेलेले. नवरा लूमवर. तोंड इतकं पांढरं की ओठ कुठे सुरू होतात कळू नये. वरच्या मजल्यावरच्या प्रसूतीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताची एक बाटली लावायला सांगितली होती. हिमोग्लोबिन सहाच्या खाली होतं.

मी गट तपासला. ओ पॉझिटिव्ह. अगदी सरळ केस. फ्रिजमधून ओ गटाची बाटली काढली, तिच्यातले दोन थेंब आणि सुमनच्या रक्ताचं पाणी, म्हणजे सीरम, एकत्र करून जुळतं का पाहिलं. नळीत लाल गुठळ्या. मी बाटलीला दोष दिला आणि दुसरी काढली. पुन्हा गुठळ्या. तिसरी, चौथी. मग मी सलाइनला दोष दिला. तेवढ्यात चपलेचा फटफट आवाज जिना उतरून आला. नळी खिडकीपाशी गेली, डोळा मिटला गेला. या वेळी मात्र नळी माझ्या हातात आली नाही. ते बराच वेळ तशीच धरून उभे राहिले.

"उलट तपासणीत ओ च्या पेशींची नळी लावली होती?" त्यांनी विचारलं.

लावली नव्हती. रक्ताचं पाणी माहितीतल्या गटांच्या पेशींशी ताडून गट पक्का करायचा, त्यात ती नळीही लावायची असते हे मला ठाऊक होतं. पण गट इतका सरळ दिसत होता की मी ती गाळली. रोज गाळत असे, खरं सांगायचं तर. कोण बघतंय?

"परत बघा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच निघून न जाता माझ्या शेजारी थांबले. मी ती नळी लावली. सुमनच्या रक्ताचं पाणी ओ गटाच्या पेशींना आपलं मानायला तयार नव्हतं. जे रक्त सगळ्यांना चालतं म्हणून आपण शाळेत शिकतो, तेच तिला विष होतं. नमुना बर्फात घालून मुंबईला पाठवला. आठ दिवसांनी उत्तर आलं ते साहेबांच्या अंदाजाप्रमाणेच. बॉम्बे गट. हा गट इतका विरळा की शहरभर शोधलं तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक सापडावेत. आणि नुसतं वरवर पाहिलं तर तो ओ सारखाच दिसतो. खरी भीती तीच.

सुमनचा नवरा हे ऐकून गोंधळला. "साहेब, आम्ही मुंबई कधी दखेल बी नही. हाई गट आम्हनामा कथाईन ऊना?"

आम्ही सगळे हसलो. साहेब हसले नाहीत. "तो पह्यले तठे सापडना, म्हनीसन तेनं नाव मुंबईनं," त्यांनी सांगितलं, आणि मग त्याला पुढ्यात उभं करून अर्धा तास समजावत राहिले. अर्ध्या तासानं नवऱ्याला एवढं नक्की कळलं होतं, की बायकोला कुणाचंही रक्त चढवलं तर ती मरेल.

डॉक्टरीणबाई बाटलीसाठी अडून बसल्या होत्या. साहेबांनी बाटलीचं नावच काढू दिलं नाही. "सहा महिने हातात आहेत. तिचं रक्त तिलाच तयार करू दे." मग लोहाच्या गोळ्या, जंताचं औषध, बाजरीची भाकरी, अंबाडीची भाजी, गूळ-शेंगदाणे. गोळीवर चहा प्यायचा नाही ही ताकीद. डिंडोलीतल्या माणसाला चहा नको म्हणणं म्हणजे काय ते तिथं राहिलेल्यांनाच कळेल. साहेब दर मंगळवारी तिला बोलवायचे आणि खालची पापणी ओढून उजेडात बघायचे. ती आली नाही तर स्वतःच स्कूटर काढून तिच्या घरी जायचे. तिनं चहा सोडला नव्हता, हे त्यांनी शेजारच्या बाईकडून काढून घेतलं. "सकाळना एकच कप लेस, साहेब," ती म्हणाली. "गोळी संध्याकाळले लेस." साहेब विचारात पडले. मग म्हणाले, "चाली." मी त्यांना तडजोड करताना पाहिलं ते तेवढंच.

पण बाळंतपणात रक्त वाहिलं तर? हा प्रश्न त्यांच्या चपलेत अडकलेल्या खड्यासारखा होता. ते चालायचे आणि तो टोचायचा. गट जुळण्याची खरी आशा सख्ख्या भावंडांत. सुमनला चार भाऊ आणि एक बहीण. कुणी लूमवर, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी गावी शेतावर. कुणाची दिवसपाळी तर कुणाची रातपाळी. सगळे एका जागी सापडायचे कसे?

ते सापडले चुलत भावाच्या हळदीला. माघातलं लग्न, डिंडोलीत गल्लीभर मांडव. साहेब स्कूटरवर पुढे आणि मी मागे, मांडीवर नळ्यांचा डबा. मांडवात हळद फासलेल्या बायका, स्पीकर, कढईत वांग्याची भाजी, आणि मधोमध साहेब उभे राहून सांगताहेत की सुमनच्या सगळ्या भावंडांनी एका रांगेत यावं. आधी लोकांना वाटलं आहेर आलाय. सुई दिसल्यावर अर्धी रांग भाजीच्या कढईमागे गेली. एका म्हाताऱ्यानं शुभकार्यात रक्त काढायचं नाही म्हणून सांगितलं, तर साहेब म्हणाले, "बाबा, तुम्हनी नातना जीव शे. शुभ दुसरं काय ऱ्हास?" मग म्हातारा स्वतःच एकेकाला बखोटीला धरून आणू लागला.

पाचांतला एक जुळला. सुकदेव, सुमनच्या पाठचा भाऊ, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कपडा रंगवणारा. रक्त देण्याआधी अशक्तपणा तपासायला साहेबांनी त्याला दवाखान्यात बोलावलं, त्याची नखं दाबून पाहिली आणि थबकले. नखं हिरवीगार होती. वर्षानुवर्षांचा रंग नखांत मुरलेला. मग पापणी ओढून बघितलं. रक्त उत्तम होतं, पण माणूस घाबरट. "रगत दिधं ते कामवर उभं ऱ्हावाले बळ ऱ्हाई का?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

साहेब बाही वर करून टेबलावर आडवे झाले आणि मला म्हणाले, "आधी माझं काढा." मी काढलं. दहा मिनिटांनी ते उठले आणि सवयीप्रमाणे व्हरांड्यात येरझारा घालू लागले. सुकदेव बाकावर बसून अर्धा तास त्यांना बघत होता. आपला नंबर आला की असंच चालायचं असतं, असं त्याला वाटलं असावं. त्या दिवशी त्याचं रक्त काढलं नाही. ते बाळंतपणासाठी राखायचं होतं. नुसतं मन तयार केलं. शेवटी साहेबांनी त्याला समोर उभं केलं. "बहीनले कोनी बी बाटली लावाले ऊना, ते तू काय म्हनशी?"

"परत दखा," सुकदेव म्हणाला. साहेबांनी ते त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मला तेव्हा शाळेतल्या पाढ्यांची आठवण होऊन हसू आलं.

सुमनसाठी त्यांनी एक कार्ड लिहिलं. मराठी, गुजराती आणि इंग्रजी, तिन्ही लिप्यांत, स्वतःच्या हातानं, कारण माझं अक्षर त्यांना घाईचं वाटायचं. हिचा गट ओ नाही, हिला ओ देऊ नये, भाऊ सुकदेव जुळतो, या फोनवर विचारा. कार्डाला प्लास्टिक लावून घेतलं. "हे जपून ठेवायचं," त्यांनी तिला बजावलं. सुमननं ते दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं. आम्हाला ते छान वाटलं. ते बघूनच आम्ही काय समजायचं ते समजायला हवं होतं.

वैशाखात एका मंगळवारी ती आली नाही. नववा महिना नुकता लागला होता. साहेब साडेनऊपर्यंत तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले. मग स्कूटर काढली आणि मला म्हणाले, "चला."

खोलीला कुलूप. शेजारची बाई तांदूळ निवडत बसली होती. तिनं सांगितलं, आखाजी ना, साहेब. सुकदेव मुराळी म्हणून आला आणि बहिणीला माहेरी घेऊन गेला, सहा दिवस झाले. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी नाही म्हणजे मायबापाला तोंड लपवावं लागतं. पोटुशी असली तरी, किंबहुना पोटुशी असली म्हणूनच. काल संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर नवऱ्यासाठी निरोप आला, पोट दुखायला लागलं, तालुक्याच्या दवाखान्यात नेतोय. नवरा तसाच गाडीला पळाला.

"कार्ड लई गई का ती?" साहेबांनी विचारलं.

"कार्ड कोठे जाई? जपीसन ठेयेल शे." बाईनं कौतुकानं खिडकीतून बोट दाखवलं. आत कोनाड्यात देव होते. देवांच्या मधोमध ते प्लास्टिकचं कार्ड उभं केलेलं, हळदकुंकवानं माखलेलं, वर झेंडूचं फूल. सुमन त्याची रोज पूजा करायची. जपून ठेवायचं म्हणजे दुसरं कुठं ठेवणार?

साहेब खिडकीचे गज धरून उभे होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं तेव्हा मला उमगलं. तिथला कुणीही भला डॉक्टर तिचा गट बघणार, त्याला ओ दिसणार, आणि तो ओ ची बाटली लावणार. मी स्वतः तेच करणार होते की.

शेजारणीकडे किल्ली होती. साहेबांनी देवांपुढून कार्ड उचललं, खिशात टाकलं आणि बूथवर गेले. तालुक्याच्या दवाखान्याचा नंबर मिळवला, लावला. या मार्गावरील सर्व लाइनी व्यस्त आहेत. पुन्हा लावला. व्यस्त. ते काचेच्या त्या खोक्यात दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करत होते आणि बाहेर रांग वाढत होती. वीस वेळा तरी लावला असेल. मग बूथवाल्या काकांना निरोप कागदावर लिहून दिला, फिरवत राहा म्हणून सांगितलं, आणि आम्ही रक्तपेढीतून बर्फाचा थर्मास, गट तपासायच्या सीरमच्या बाटल्या, रिकामी रक्तपिशवी घेऊन उधन्याला भुसावळची पॅसेंजर पकडली. घरी निरोप मी नर्सबेनकडून दिला.

ती गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते हे मला माहीत होतं. ती स्टेशन नसतानाही थांबते हे तेव्हा कळलं. बसायला जागा होती. साहेब दारात उभे राहिले. गाडी थांबली की उतरायचे, इंजिनाकडे बघायचे, सिग्नलकडे बघायचे, चढायचे. नवापूरला तर गार्डशी भांडले. बाहेर ऊन रटरटत होतं, लोक आखाजीचे आंबे नि लेकी घेऊन चढत-उतरत होते, कुठल्याशा झाडाला झोका बांधलेला दिसला, त्यावर पोरी गाणी म्हणत होत्या. मी थर्मासमधला बर्फ किती उरला ते बघत होते. मी मनात सुमनवर रागावले होते, सुकदेववर, आखाजीवर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. कार्ड कपाळाला लावताना मी शेजारी उभी होते.

नंदुरबारच्या पुढे एका तालुक्याच्या गावी उतरलो तेव्हा दुपार कलली होती. रिक्षानं दवाखाना गाठला. व्हरांड्यातच आरडाओरडा ऐकू आला.

खाटेवर सुमन, डोळे अर्धवट मिटलेले. सकाळी मुलगी झाली होती आणि त्यानंतर रक्त थांबत नव्हतं. हाताला सलाइन. शेजारी रिकामा स्टँड. आणि कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून सुकदेव उभा, छातीशी दोन्ही हातांनी रक्ताची बाटली कवटाळून. बाटली नातेवाइकांनी जिल्ह्याच्या गावाहून नुसत्या चिठ्ठीवर, जुळवून न बघता आणली होती, ओ पॉझिटिव्ह. ती स्टँडला लागली आणि यानं ती काढून घेतली. सुमनचा नवरा त्याला मारत होता, खरोखर मारत होता, आणि रडत होता. बायकोचं रक्त वाहताना बघून साहेबांनी समजावलेलं सगळं तो विसरला होता. "दे ती बाटली! तुनी बहीन मरी ऱ्हायनी!" आई पाया पडत होती. तरुण डॉक्टर घामानं भिजलेला, पोलीस बोलावतो म्हणत होता. "अर्धा तास झाला, हा वेडा माणूस बाटली सोडत नाही!"

सुकदेवचा ओठ फुटला होता. त्याला वाचता येत नव्हतं, हा गट काय आहे ते सांगता येत नव्हतं, माझं रक्त घ्या म्हटलं तर तिथं काढायची सोय नव्हती. आता तो त्या डॉक्टरला एवढंच म्हणत होता, "परत दखा. साहेब, परत दखा."

साहेब दारातून आत गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "दे आते." तेव्हा कुठे त्या हिरव्या नखांची पकड सुटली.

मी काचपट्टीवर बाटलीतला थेंब आणि सुमनच्या रक्ताचं पाणी एकत्र केलं. पट्टीवर लाल कणी पसरली. साहेबांनी ती तरुण डॉक्टरपुढे धरली आणि इतक्या हळू म्हणाले, जितक्या हळू ते माझ्याशी कधी बोलले नव्हते, "परत बघा, डॉक्टर." त्यानं बघितलं. मग तो स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पुढचं झटपट झालं. सुकदेवला शेजारच्या खाटेवर आडवं केलं, मी पिशवी भरली, आधी जुळवून घेतली, तीनदा बघितली, कुणी न सांगता. साहेब आणि तो तरुण डॉक्टर दोघं मिळून सुमनचं रक्त थांबवायच्या मागे लागले. इंजेक्शनं, पोटावर दाब, गर्भाशय चोळणं, पुन्हा दाब. एकच पिशवी होती, दुसरी कुठेही नव्हती, तेव्हा तिच्या अंगातला एकेक थेंब अंगातच राहायला हवा होता. दिवेलागणीला सुमननं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. सहा महिने खाल्लेली बाजरी आणि गोळ्या कामी आल्या. एवढ्या रक्तस्रावात ती नोव्हेंबरातल्या रक्तावर टिकली नसती.

बाहेर व्हरांड्यात एक बादली पालथी ठेवलेली होती. साहेब तिच्यावर बसले. मी त्यांना बसलेलं पाहिलं ते त्या एकदाच. तरुण डॉक्टर शेजारी उभा होता, खाली मान घालून. साहेब त्याला म्हणाले, "तुम्ही लावली नाही. मी लावली होती. तुमच्याच वयाचा होतो. ओ होतं, घाई होती, मी परत बघितलं नाही." त्यांनी त्या बाईचं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, तिला किती मुलं होती ते सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही. मला तेव्हा कळलं की गेली दोन वर्षं ते माझ्यावर अविश्वास दाखवत नव्हते. मला फार लाज वाटली.

थोड्या वेळानं मात्र ते मूळ पदावर आले. सुमनच्या आईला कार्ड दाखवून चांगलेच ओरडले. "देवपान ठेवतस का हाई? देव काय बाटली तपासाले येवाव शे? आंगवर गोंदी ल्या, म्हंजे घरमा ऱ्हावाव नही!" आईनं मान डोलावली. साहेब रागानं बोलले असं आम्हाला वाटलं. त्या माउलीला वाटलं, डॉक्टरांनी औषध सांगितलं.

श्रावणात सुमन बाळाला घेऊन सुरतेला आली. पदर सारून तिनं उजवा हात पुढे केला. मनगटाच्या वर, लहानपणी गोंदलेल्या तुळशीशेजारी, ताज्या हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, ओ नको, परत बघा. साहेबांनी तिचा हात धरून तिला खिडकीपाशी नेलं, डावा डोळा मिटला आणि ती अक्षरं उजेडात तिरकी करून बघत राहिले. मग चपला फटफटत बाहेर गेले, आणि त्या दिवशी बराच वेळ खाली आले नाहीत.

त्यानंतर त्यांनी एक निळी वही केली. असे लोक शोधत गेले. हजिऱ्याच्या कारखान्यातला एक वेल्डर, कोसाडच्या वसाहतीत शिवणकाम करणारी एक बाई, बडोद्याचा एक शिक्षक. वहीत नुसता पत्ता नसायचा. कोण कोणत्या पाळीला, कोण मे महिन्यात गावी जातो, कुणाच्या शेजारी फोन आहे, कोण सुईला घाबरतो. सुकदेवच्या नावापुढे लिहिलं होतं, आखाजीला विचारून जाणे. आणि तो खरंच दर आखाजीआधी येऊन तोंड दाखवायचा. साहेब त्याची पापणी ओढून बघायचे, त्याच्या नखांना नावं ठेवायचे आणि जा म्हणायचे.

पुढे काही वर्षांनी साहेबांच्या छातीत दुखायला लागलं. चालता चालता थांबून छाती चोळायचे आणि पित्त म्हणायचे. मी एकदा भीत भीत म्हटलं, कार्डिओग्राम काढा. त्यांनी काढला, उभ्या उभ्या नजर टाकली, ठीक आहे म्हणाले आणि घडी घालून खिशात ठेवला. तेव्हा माझ्या ओठांवर दोन शब्द आले होते. ते मी बोलले नाही. ते माझे साहेब होते, मी कोण त्यांना सांगणार, असं वाटलं. तीन आठवड्यांनी जिन्यावर चपलेचा आवाज थांबला. आम्ही धावलो तेव्हा उशीर झाला होता. त्या दोन शब्दांसाठी मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

पुढच्या वैशाखात सुकदेव आला. त्याला कुणी कळवलं नव्हतं. दारात उभं राहून त्यानं आत पाहिलं, जिन्याकडे कान दिला.

"साहेब कोठे शेतस, ताई?"

मी सांगितलं. तो बाकावर बसला आणि आपली नखं बघू लागला. मग त्यानं मान वर केली. "मंग आते परत कोन दखी?"

मी त्याला आत घेतलं, बाही वर करायला सांगितली आणि थोडं रक्त काढलं. त्याचा गट मला माझ्या नावाइतका ठाऊक होता, तपासायची काही गरज नव्हती. मी सगळ्या नळ्या लावल्या, ओ च्या पेशींची सुद्धा. नळी घेऊन खिडकीपाशी गेले, डावा डोळा मिटला. नीट दिसेना, म्हणून डोळे पुसले आणि परत बघितलं.